झाकणाखालची कळ

विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळायची नोकरी करून करून तिच्या नवऱ्याची नजर अशी झाली होती, की साबणाची वडी झिजली तरी त्याला कुणावर तरी संशय यायचा. ऑफिसात या नजरेचा पगार मिळायचा. घरात ती फुकट चालायची.

घरातल्या पॅसेजमधल्या कपाटात त्याचा सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काय, तर दिवसरात्र घुरघुरणारा एक जुना कॉम्प्युटर. घरचे सगळे फोटो त्यात, कारण मोठ्या कंपन्या आपलं सगळं चोरून बघतात असं या गृहस्थाचं ठाम मत. प्रत्येक फोटोत याचा अर्धा अंगठा आलेला. ते बघायला कोण जीव टाकून बसलंय, हे मात्र विचारायची सोय नव्हती.

तिचं त्यात एकच काही होतं. बाबांचा आवाज. धाकटा भाऊ परगावी शिकायला होता तेव्हा बाबा पत्रं लिहायचे नाहीत, कॅसेट भरून पाठवायचे. गळका नळ, शेजाऱ्याचं कुत्रं, मध्येच खोकला, आणि शेवटी हटकून, "तुझी ताई इथेच उभी आहे, पण बोलायला लाजतेय." बाबा गेल्यावर भावाने कॅसेट तिच्याकडे आणून दिल्या. नवऱ्याने त्या सर्व्हरवर उतरवल्या आणि मूळ कॅसेट तिला न विचारता भंगारात घातल्या. तिच्या फोनमधली नक्कलही असुरक्षित म्हणून पुसायला लावली. तिने मुकाट्याने पुसली, याचा तिला अजून राग यायचा.

मग एक दिवस सर्व्हरच्या डब्याचा स्क्रू सैल सापडला. आतला पंखा पुसून झाल्यावर तो आवळायला हाच विसरला होता. तिने समोर उभं राहून पाहिलं होतं.

"तुझा भाऊ येऊन गेला ना परवा? कपाटापाशी काय करत होता?"

"फोन चार्ज करत होता. अहो, प्लग तिथेच आहे."

"तेच तर," तो म्हणाला, जणू तिने गुन्हा कबूल केला होता.

त्या दिवसापासून घरात कारखाना सुरू झाला. मोडक्या माउसमधलं बटण उचकटलं, तिच्या चांगल्या पेनातली स्प्रिंग काढली, जेवणाच्या टेबलावर गोंद सांडला. सर्व्हरचं झाकण बसलं की त्याखाली लावलेलं हे बटण दाबलेलं राहायचं. उचललं की सुटायचं, भोंगा बोंबलायचा आणि मशीन आपली किल्ली कायमची पुसून टाकायचं. किल्ली म्हणजे आतलं सगळं उघडणारा लांबलचक पासवर्ड, जो त्या मशीनशिवाय कुणालाच माहीत नाही.

"मग दुसरी किल्ली कुठे ठेवलीत?" तिने विचारलं.

"दुसरी ठेवली तर हे सगळं केलं कशाला?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की आणखी एक दावा निकालात निघाला.

आठवडाभर चाचण्या चालल्या. चाचणीत नुसता भोंगा वाजायचा, किल्ली शाबूत राहायची. दारात कुणीही आलं, लिफ्ट दुरुस्त करणाराही, की हा त्याला कपाटापाशी न्यायचा, झोकात झाकण उचलायचा आणि भोंगा वाजला की म्हणायचा, "दचकलात की नाही?" लोक दचकायचे. त्यात काय, टाळी वाजवली तरी दचकतात.

शनिवारी भावाचा फोन आला. उद्या ड्राइव्ह घेऊन येतो, बाबांचा आवाज भरून दे. पोरीने आजोबांना कधी ऐकलंच नाहीये. तिला फार बरं वाटलं. नवरा मात्र लॅपटॉप घेऊन बसला आणि त्याने चाचणी बंद करून खरी व्यवस्था चालू केली.

"बाहेरचा माणूस घरात येतोय," तो म्हणाला.

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच."

रविवारी भाऊ चहा पीत बसला होता. लॅपटॉपवरून नक्कल करायला झाकणाला हात लावायचीही गरज नव्हती. पण नवं गिऱ्हाईक समोर असताना शेखी मिरवल्याशिवाय या माणसाला चैन कुठली! "आधी इकडे ये. कुणी हात लावला तर काय होतं ते बघ," असं म्हणून त्याने आठवडाभराच्या सवयीने, झोकात झाकण उचललं.

भोंगा बोंबलला. भावाच्या शर्टावर चहा सांडला.

"दचकलास की नाही?" नवरा हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने झाकण घाईघाईने परत बसवलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग लॅपटॉपकडे धावला, काहीबाही टाइप केलं, पुन्हा टाइप केलं.

"काढा ना बाहेर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "काहीतरी करा."

"काही करता येणार नाही." तो खाली बसला. आणि तशातही त्याच्या बोलण्यात अभिमानाचा एक पुसटसा कण होता. "तसंच बनवलंय मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाच्या सांगण्यावरून आपण स्वतःच्या हाताने बाबांना पुसलं होतं. तिला त्याची किळस आली. बाबांचा खोकला आठवून पाहिला, तर कानात भोंगाच वाजत होता.

भाऊ शर्ट झटकत आला, हातात रिकामा ड्राइव्ह. "काय झालं, ताई? चालू करायचं ना?"

"नाही रे," ती म्हणाली. "तुझ्या दाजींना चोर सापडला."