खंडेनवमीला रुळावरून उतरलेले दार

मित्रांनो, तेल्हाऱ्याच्या एका मोटारखान्याला लटकलेले मी एक जुने सरकते दार आहे. इतर दारे बिजागऱ्यांवर फिरतात. मी वरच्या लोखंडी रुळावर दोन चाकांनी चालतो. दार या शब्दाचे लिंग नपुंसक असले, तरी इतकी वर्षे राबलेल्याने स्वतःला ‘मी चालतो’ म्हणावे, याला कोणी हरकत घेऊ नये.

एकोणीसशे एकतीस साली नत्थुजी वाढयांनी, म्हणजे सुतारांनी, मेळघाटच्या सागवानातून मला घडवले. आरंभी मी एका बोटाने सरकत असे. आसपासच्या खेड्यांतले लोक अकोल्याची मोटार पकडायला येत, ते मला पाहण्यासाठी थांबत. स्तुती मला पुष्कळ मिळाली. तेल मात्र मिळाले नाही.

तेल मिळाले नाही, हे विधान सुधारून घेतो. ते दरवर्षी मिळाले, पण शेंदरात कालवून. शेजारच्या मळ्यातली माणिकबाई झेंडू पिकवी आणि तिची फुले याच मोटारीने अकोल्याला जात. म्हणून खंडेनवमीला ती माझ्या चाकांना शेंदूर माखी, वर झेंडूची माळ बांधी. मोटारवाला भगवंत हात जोडी. जुना थर कोणी पुसत नसे. त्यावर कापसाचा भुरा बसे, आणि पुढल्या वर्षी नवा थर चढे. अकराव्या वर्षी चाके फिरेनाशी झाली. मी नुसता फरफटत होतो.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. आत माणिकबाईची फुले भरलेली मोटार उभी होती. दसरा उलटला की झेंडूला कोणी विचारत नाही, आणि तिच्या वर्षाची सारी भिस्त त्या एका दिवसाच्या बाजारावर होती. भगवंताने मला जोराने ढकलले. माळेचा दोरा चाकात गुंतला, चाक रुळावरून उडाले, आणि माझा एक कोपरा जमिनीत रुतून मी वाटेत तिरपा अडकलो.

भगवंत म्हणाला, “कुऱ्हाड आना. फुलं सुकून राहिली, दाराचं काय घेऊन बसले?”

नत्थुजींना बोलावणे गेले होते. ते म्हातारपणाने वाकले होते, तरी शिडीवर चढले आणि चाकावरून बोट फिरवून म्हणाले, “भगवंता, तुह्या मोटारीच्या चाकात शेंदूर भरतं का रे?”

“नाई.”

“मंग ह्याच्याच चाकात काहून भरला?”

“देव समजून लावला, नत्थुजी.”

“देवाले तरी रोज आंघोय घालतेत, बाबू. ह्याले अकरा वर्सांत कोनी पुसलं?”

ते खरवडू लागताच माणिकबाई पुढे आली. “सनाच्या दिवशी शेंदूर खरवडू नका हो. पाप लागते.”

“मंग बसा,” नत्थुजी म्हणाले, “उद्या ह्याच वाळल्या फुलायनं दाराची पुन्हा पूजा करा.”

तिने मोटारीतल्या फुलांकडे पाहिले. मग कमरेचे खुरपे काढून म्हणाली, “सरका बाजूले. मीनंच लावला, मीच काढीन.”

अकरा वर्षांची भक्ती खपल्याखपल्यांनी खाली पडली. नत्थुजींनी चाक धरणारी, वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली आणि चाकाच्या आसात निव्वळ तेल सोडले. चौघांनी पहारीने मला उचलून पुन्हा रुळावर बसवले. मी सरकलो, पण तोवर दुपार झाली होती. निम्मी फुले विकली गेली. उरलेली माणिकबाईने दसरा उलटल्यावर गाईपुढे टाकली. मला तिने बोल लावला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्यानंतर ती जगली तोवर दर खंडेनवमीला आधी चिंधीने चाके पुसी, तेलाचा थेंब सोडी आणि मग कपाळाच्या उंचीवर, माझ्या फळीला, कुंकवाचे एकच बोट लावी.

पुढे महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले आणि मोटार गेली. आता आत सरकीची पोती असतात. नव्या मालकाची माणसे श्रद्धाळू आहेत. चाकांना पुन्हा शेंदूर चढतो आहे. कोणी म्हणेल, पूजा ही देखील निगाच होय. मी अकरा वर्षे त्या निगेखाली दबलो होतो, म्हणून मला ते मान्य नाही.

मित्रांनो, उद्या पुन्हा खंडेनवमी आहे. मी थकलो आहे, वाद वाढवत नाही. इतकेच मागतो की, तुमच्या एका हातात फूल असेल, तर दुसऱ्या हातात चिंधी असू द्या. आणि आधी चिंधीचा हात पुढे करा.