काचेआडचा कप्तान

“ऑड्री, तू आपली आहेस म्हणून सांगते,” खिडकीच्या काचेपलीकडून विनिता फोनवर म्हणाली. “बाबांना अंघोळ घालायला तो काळा माणूस नको. ते घाबरत असतील गं.”

लॉकडाऊनमुळे गिरावीन या परदेशी उपनगरातल्या त्या वृद्धाश्रमात नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. ऑड्री तिथली नर्स, मूळची वसईची. तिने व्हीलचेअरवरच्या गुरुदत्तकाकांकडे, विनिताच्या बाबांकडे, पाहिलं.

“काका नाही घाबरत. उलट त्याच्याच हातून जेवतात.”

“प्लीज. मला झोप लागत नाही.”

तक्रार मॅनेजरकडे गेली आणि काकांना अंघोळ घालणाऱ्या सॅम्युएल म्वालेची दुसऱ्या विंगमध्ये बदली झाली. ऑड्रीने सांगितलं तेव्हा तो ग्लव्ह्ज काढत होता. “नो वरीज,” एवढंच म्हणाला. कारण विचारलं नाही.

तो झांबियाच्या फुटबॉल संघाचा माजी कप्तान होता. खेळणं सुटून वीसेक वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. तरीही औषधं पोचवायला येणारा झांबियन ड्रायव्हर त्याला पाहिलं की गाडीतून उतरून सलाम ठोकायचा. तिकडे राजधानी लुसाकात अजून बाळांना त्याचं नाव ठेवत. इथे त्याच्या बिल्ल्यावर नुसतं ‘सॅम’ होतं.

काकांचं जेवण कमी झालं. नवी मुलगी चमचा पुढे करायची, ते तोंड फिरवायचे.

रविवारी विनिताबरोबर तिचा नवरा हृषिकेश आला. आतून कपड्यांची ट्रॉली ढकलत सॅम्युएल चालला होता. तोंडावर मास्क होता, पण ती तिरकी चाल हृषिकेशने ओळखली.

“अगं, हा म्वाले आहे! कॉलेजात आम्ही वेडे होतो याच्यामागे!” तो काचेवर टकटक करू लागला. “मेट! वन फोटो! मास्क जरा खाली कर ना!”

सॅम्युएल काकांशेजारी येऊन उभा राहिला. मास्क मात्र त्याने काढला नाही. फोटो निघाला, आणि काकांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

“कुठं होतास रे इतके दिवस?”

“काय म्हणतात?” सॅम्युएलने ऑड्रीला इंग्रजीत विचारलं.

ऑड्रीने काचेकडे पाहिलं. फोन कानाला लावूनच विनिताने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, “त्यालाच परत दे ना बाबांकडे.”

मॅनेजर नाही म्हणाला. संसर्ग वाढला होता. आता एका विंगची माणसं दुसऱ्या विंगमध्ये कामाला पाठवायची नव्हती.

पुढच्याच महिन्यात काका गेले.

हृषिकेशने तो फोटो फेसबुकवर टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं, ‘शेवटपर्यंत आमच्या बाबांची सेवा करणारे, आमचे लाडके सॅम्युएल म्वाले.’ लुसाकाहून, लंडनहून कमेंट्सचा पाऊस पडला. ‘कप्तान, तुम्हाला विसरलो नाही!’ हृषिकेशच्या ऑफिसातल्यांनी लिहिलं, ‘किती नशीबवान आहात तुम्ही!’

ब्रेकमध्ये ऑड्रीने सॅम्युएलला फोन दाखवला. त्याने सावकाश सगळं वाचलं.

“शेवटपर्यंत?” त्याने विचारलं.

त्याने फोन परत दिला आणि चहाचा कप विसळून ठेवला.

त्याच्या विंगमध्ये कोपऱ्यातल्या खोलीत सकाळीच एक नव्या आजी आल्या होत्या. सॅम्युएलने टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्यांच्या दारावर हलकेच टकटक केली. आतून उत्तर आलं नाही. दार उघडंच होतं. तरी तो बाहेर उभा राहिला.