चारमिनारवरचा युनियन जॅक

प्लायवूडचा चारमिनार खऱ्यापेक्षा बुटका होता, ते मी चालवून घेतलं असतं. पण त्याच्यावर युनियन जॅक फडकत होता.

१९९७ साल. स्वातंत्र्याची पन्नाशी म्हणून मुंबईच्या एका खाजगी वाहिनीने मालिका काढली होती आणि हैदराबादच्या भागाचं शूटिंग शहराबाहेर चालू होतं. मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, वर तेलुगू, दखनी आणि मराठी बोलत होते, म्हणून मला संशोधन सहायक नेमलं होतं. चूक दिसली की सांगायची, एवढंच काम.

मी सांगितली होती. हे निजामाचं संस्थान. ब्रिटिशांचा झेंडा असायचा कोठी भागातल्या त्यांच्या रेसिडेन्सीवर आणि सिकंदराबादच्या छावणीत. चारमिनारवर नाही. इंग्रज गेले त्या दिवशी इथे निजामाचा पिवळा झेंडाच होता आणि तिरंगा लावणाऱ्यांना पकडत होते. राज्य बदललं पुढच्या वर्षी, भारताचं सैन्य आल्यावर. आमच्याकडे त्याला अजून ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात.

दिग्दर्शक अभिजीत पुण्याचा. सगळं ऐकून तो हसला. “अगं, दोन झेंडे, दोन तारखा! घरोघरी रिमोट आलाय आता. लोक क्रिकेट लावतील.”

“पण खोटं आहे ते.”

“तू केमिस्ट्रीची ना? मग थोडी रिॲक्शन होऊ दे की.”

युनिट हसलं. मीही कसनुशी हसले. नंतर स्वतःचाच राग आला.

त्या दिवशी अनंतआजोबा सेटवर येणार होते. माझ्या वडिलांचे काका, बरकतपुऱ्यातले जुने वकील. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला त्यांनी आणि त्यांचा मित्र हिम्मतराव यांनी शाळेच्या गच्चीवर तिरंगा लावला. दोघांनाही लगेच पकडलं. आजोबा वर्षभराने सुटले. हिम्मतराव त्याच हिवाळ्यात तुरुंगातच तापाने गेला. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. अभिजीत घरी माहिती घ्यायला आला, तेव्हा आजोबांनी एकच मागितलं होतं: “हिम्मतचं नाव येईल ना?”

“येईलच, आजोबा,” अभिजीत म्हणाला होता.

आणि आलं. आजोबा पांढरी शेरवानी घालून मॉनिटरजवळच्या खुर्चीत बसले. वर एका गोऱ्या अधिकाऱ्याने युनियन जॅक उतरवून सलाम ठोकला. एक देखणा नट तिरंगा चढवून ओरडला, “मैं हिम्मतराव! आज हैदराबाद आज़ाद है!” खाली गुलाल उडाला, ढोल वाजले.

“कट! मस्त!”

आजोबा उठले. “अभिजीतराव, हा कोण?”

“तुमचे हिम्मतराव! कसे वाटले?”

“तो पंधरा ऑगस्टला संध्याकाळी कोठडीत होता. इथे कायकू नाचतोय?”

“आजोबा, हे प्रतीक आहे.”

“कशाचं?”

“स्वातंत्र्याचं.”

“मग तो मेला कशाने?” आजोबांचा आवाज चढला. “झेंडा लावायची मोकळीक होती, वर गोऱ्याने सलामही ठोकला, तर मग पोरगा तुरुंगात गेला कशाला? चोरी केली होती त्याने?”

 अभिजीतने घड्याळ पाहिलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “समजाव ना यांना. तुझेच आहेत.”

“समजवायचं तुम्हाला आहे,” मी म्हणाले. “मी लेखी दिलं होतं.”

“बरं, बरं.” तो आजोबांना म्हणाला, “नाव बदलतो. विजय. आता तर हरकत नाही ना? हिम्मतरावांचा विषयच संपला.”

पन्नास वर्षं जपलेलं नाव त्याने असं पुसून टाकलं, आणि तेही मेहरबानी केल्यासारखं. आजोबांच्या मानेवरची शीर ताठ झाली. पण ते निमूट खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, ते हरले.

“सायलेन्स! साउंड! कॅमेरा!”

नटाने तोंड उघडलं आणि खालून आजोबांचा कोर्टातला आवाज आला. आजोबा उर्दूतून शिकलेले. त्यांची जुनी वकिली उर्दूतच चाले. खुर्चीसमोर ताठ उभे राहून ते नाव, पेशा, पत्ता सांगून शपथेवर साक्ष देत होते.

“मैं, अनंतराव, पेशा वकालत, साकिन बरकतपुरा, हलफ़ से बयान करता हूँ, के हिम्मतराव वल्द नामदेवराव...”

“कट! आजोबा, प्लीज!”

ते थांबले. पुन्हा सायलेन्सचा पुकारा झाला, पुन्हा साउंड चालू झाला.

“...वल्द नामदेवराव, उम्र उन्नीस साल, ने पंद्रह अगस्त को तिरंगा लगाया, और इस जुर्म में...”

“कट! अरे, काय चाललंय? तन्वी, बाहेर ने त्यांना!”

नट शिडीवरून खाली उतरला होता आणि तिरंगा हातात धरून ऐकत होता. साउंडवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले नाहीत, टेपही थांबवली नाही.

“तन्वी! नोकरी करायची आहे ना?”

“साक्ष चालू आहे,” मी म्हणाले.  “मध्ये उठवता येत नाही.”

आजोबांनी शेरवानीची वरची गुंडी काढली, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.