रंध्याची मूठ

वर्षातून दोनदा लागणारी शिडी घरोघरी कशाला हवी, म्हणून बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या जागेत गल्लीनं उसनवारीची खोली काढली. न्या, वापरा, आणून द्या. खोली सांभाळायची सुताराच्या बायकोनं. सुतार जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्याची हत्यारं तिनं स्वतःच तिथं मांडली होती. नियमही तिचाच: वस्तू नेली त्यापेक्षा बरी करून आणायची, आणि दुरुस्तीत काढलेलं काही फेकायचं नाही. त्यात ती कुणाचाही मुलाहिजा ठेवत नसे.

रंधा मात्र तिनं घरीच ठेवला होता. तीस वर्षं अंगठा टेकून मुठीला खळगा पडला होता. संध्याकाळी ती त्यात आपला अंगठा ठेवून बसे. नवऱ्याचं तेवढंच काय ते हाताला लागायचं. पण शेजारच्या नर्सला आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी पायरीवर लाकडी उतरण करायची होती. तिनं रंधा मागितला, आणि तिला नाही म्हणायला हिची जीभ रेटेना.

आठ दिवसांनी नर्स रंधा घेऊन आली ती हसतच. पात्याला धार होती. मूठ कोरी करकरीत होती.

"जुनी फार झिजली होती, काकू. नवी बसवून घेतली."

सुताराच्या बायकोनं नव्या मुठीवर अंगठा टेकून पाहिला. रागवावं तर नियम आपलाच. शहाण्या बाईनं असले नियम करूच नयेत. जुनी मूठ कुठंय, एवढंच तिनं विचारलं. उतरण डुगडुगत होती, म्हणून मूठ चिरून तिची पाचर खाली ठोकली, असं नर्सनं सांगितलं. फेकली नव्हती, हे तिनं दोनदा सांगितलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ती पाचर परत मागायलाच निघाली.

नर्सची आई एकटीच, खुर्चीची चाकं हातानं सावरत, उतरणीवरून खाली येत होती. चार महिन्यांनी म्हातारीच्या अंगाला ऊन लागत होतं. सुताराच्या बायकोनं खाली वाकून पाहिलं. फळीखाली अर्धा खळगा दिसत होता. तिनं त्यात अंगठा ठेवला. तो पुरता बसला नाही. तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

"काय बघतेस गं?" म्हातारीनं विचारलं. "उतरण पक्की आहे ना? मला पडायची भीती वाटते."

मागायचं ते तिनं गिळलं.

"पक्की आहे, आजी. आमच्या ह्यांनी धरलीय."