रबरी छातीवर शिकलेले डॉक्टर

रेवती सात महिन्यांची असताना जामनेरच्या डॉक्टरांना तिच्या छातीत नळीने फुसफुस ऐकू आली. काळजाच्या मधल्या पडद्याला भोक असू शकतं, म्हणाले. नक्की कळायला इको नावाची तपासणी करावी लागते आणि धुळ्याला देवपुरातल्या एका दवाखान्यात तिचं मशीन नुकतंच आलं होतं. भोक असेल तर वेळेवर कळलं पाहिजे, नाहीतर पुढे फुप्फुसं बिघडतात. हे शेवटचं मी घरी सांगितलं नाही.

हे कापूस वेचणीत अडकलेले, म्हणून सासूबाई सोबत आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. माहेर शिरपूरकडचं, बोली अजून तिकडचीच.

आमचा नंबर यायचा होता. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मी आत डोकावले. टेबलावर रबराची छाती, तिला डोकं नाही, हात नाहीत. एक तरुण डॉक्टर तिच्यावर मशीनचा ठोकळा फिरवत होते आणि पुण्याहून आलेल्या मॅडम सांगत होत्या, "अजून डावीकडे. आता तिरका." ठोकळा नेमक्या जागी आला की मॅडम व्हीसीआरचं बटण दाबायच्या आणि पडद्यावर कुणाचं तरी काळीज हलायला लागायचं.

मी नर्सबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शिबिर आहे. आधी रबरावर शिकतात, मग माणसावर."

"आणि आमच्या मुलीला कोण बघणार?"

"भामरे सर, तेच आतले. आजच हात बसलाय त्यांचा."

आजच. मी रेवतीला घट्ट धरलं.

आम्ही आत गेलो तोवर मॅडम चहाला गेल्या होत्या. भामऱ्यांनी रेवतीच्या छातीवर गार चिकट मलम लावलं, तशी तिने रडून खोली डोक्यावर घेतली. मी तिच्या बरगडीवर हात ठेवला. पडद्यावर काळीज उघडमीट करत होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग हसले.

"ताई, मधला पडदा अखंड आहे. भोक नाही."

अक्कांनी हात जोडले. "बठ्ठं बेस शे ना? चाल मंग, एस्टी सुटी जाई."

मी उठले नाही. माझ्या हाताखाली शिवणयंत्र चालल्यासारखं धडधडत होतं. पडद्यावरचं मात्र जेवण करून शतपावलीला निघालेल्या माणसासारखं.

"डॉक्टर, हिचं काळीज एवढं सावकाश चालतंय?"

"चित्र जरा मागे पडतं, ताई."

"मागे पडेल. पण निम्मं कसं होईल?"

"डाक्टरथून तुले जास्त समजस का?" अक्का चिडल्या. "भलं सांगं त्यानी, मंग काबर उकरस?"

भामरे पुन्हा पडद्याकडे बघू लागले. मीच म्हटलं, "तो ठोकळा उचला बरं तिच्या छातीवरून."

त्यांनी उचलला. काळीज चालूच राहिलं.

व्हीसीआर कुणी बंदच केला नव्हता. भामऱ्यांचा चेहरा उतरला. पण ते सारवासारव करत बसले नाहीत, स्वतः जाऊन मॅडमना घेऊन आले आणि काय झालं ते सगळं त्यांच्यासमोर सांगितलं.

मॅडमनी कॅसेट काढली आणि ठोकळा स्वतः हातात घेतला. आता पडद्यावर धावत होतं ते माझ्या हाताखालचंच. खरं सांगते, तेवढ्यापुरतं वाटलं, नसतं विचारलं तर?

"आहे," मॅडम म्हणाल्या. "मध्यम भोक आहे. थेंब सुरू करू. दर महिन्याला वजन बघायचं. वाढलं नाही तर मुंबईला ऑपरेशन. पण वेळेत आलात."

"चांगलं सांगेल व्हतं त्यानी," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तूच उकरीसन काढं."

भामऱ्यांनी चिठ्ठी लिहिली. मी ती दोनदा वाचली, मॅडमकडे नेली, त्यांनाही वाचायला लावली. मग औषधाच्या खिडकीशी उभी राहिले. बाटलीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून बघत होते, तेव्हा अक्कांनी रेवतीला माझ्या कडेवरून घेतलं.

"किती थेंब शेत?"

"तीन. सकाळ-संध्याकाळ."

"पाजसू मी," त्या म्हणाल्या. "तू मोजत बस."