नवा हॉर्न

"कुणाचा विश्वास बसणार नाही, मास्तर, पण भर उतारावर ब्रेक गेलेली गाडी मी छत्रीने थांबवलीय!"

शेजारच्या मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. चौकशीवाल्यांची ही गोष्ट त्यांनी सतरा वेळा ऐकली होती. दर खेपेला उतार थोडा लांबायचा, तेवढंच त्यांना नवं असायचं.

"गेल्या वेळी छत्री बायकी होती म्हणालात."

"बायकी छत्रीने गाडी थांबेल होय? काळी, दांडगी, वाकड्या मुठीची! खिडकीतून हात काढला, छत्री उघडली, वारा भरला आणि गाडी अशी उभी राहिली, की बंपर आणि समोरच्या शेळीचं शिंग यांच्यात चार बोटं अंतर. शेळी रवंथ करतेय आपली!"

आत खिडकीशी शिवणयंत्र चालू होतं. पाय न थांबवता बायको म्हणाली, "छत्री घरी होती. हँडब्रेक मी ओढला. ठकीला विचारा, तिला खरी गोष्ट सांगून ठेवलीय मी."

"हिचं काय ऐकता," असं म्हणून ते हसायला गेले. पण हसू काही ओठांवर आलं नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

ठकी, म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, नुकतीच नर्स झाली होती. उताराखालच्या इस्पितळात उद्यापासून कामावर जायचं होतं. आज कागदपत्रं द्यायला नऊ वाजता ती पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन गेली होती. "दहाला परत," म्हणाली होती.

त्यांना सगळे चौकशीवाले म्हणत. एकतीस वर्षं ते बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसले. काचेपलीकडून घामाघूम चेहरा विचारायचा, "बस कधी येईल हो?" आणि हे सांगायचे, "येईल. दहा मिनिटांत." बस चाकं काढून वर्कशॉपात पडलेली असली तरी दहा मिनिटांत! कुणाला फसवावं असा हेतू नव्हता. समोरच्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नसे, एवढंच. पुढे ती सवय खिडकीतून उठून त्यांच्याबरोबर घरी आली.

गाडी एकोणीस वर्षांची. छोटी, पोपटी रंगाची. तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्री तिच्याखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "काका, एक काम म्हणून बघायला गेलो, तर कामांचं खानदानच बाहेर आलं. क्लच प्लेट घासलीय. रेडिएटरला दोनदा डाग दिलाय, तिसऱ्यांदा देता येणार नाही. हँडब्रेकचं रबरसुद्धा गेलंय, नुसता लोखंडी दांडा उरलाय, हात कापेल. सगळं करायचं तर तेवढ्यात अशीच दुसरी गाडी येईल."

"मग राहू दे सगळं."

"सगळं राहू दे हो, ब्रेक नको. मास्टर सिलिंडर गळतोय. पेडल दाबून धरा, बघा." चौकशीवाल्यांनी दाबून धरलं. पेडल थोडा वेळ टिकलं आणि मग चिखलात पाय रुतावा तसं सावकाश खाली गेलं. "कळलं? हे थांबणारं काम नाही. नऊ हजार."

चौकशीवाल्यांकडे नऊ हजारच होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे इस्पितळाचं फाटक आलं. मोठमोठ्या गाड्यांच्या रांगेत ठकीची ही पिटुकली. ब्रेक कुणाला दिसतात? त्यांनी नवी सीट कव्हरं घेतली, पॉलिश करून घेतलं आणि दोन सुरांचा हॉर्न बसवला. ब्रेक पुढच्या पेन्शनला. घरी बायकोने विचारलं तेव्हा तोंडातून आपसूक निघून गेलं, "सगळं केलं. ब्रेकसुद्धा नवेकोरे!"

आज सकाळी फाटकातून निघताना ठकीने हॉर्न वाजवला आणि खळखळून हसली. तेव्हा सांगायचं होतं. पण बायको शेजारीच उभी होती आणि पोरीचा चेहरा इतका उजळलेला होता.

आता रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की ते फाटकाकडे बघत होते. एकाच सुराचे हॉर्न. सगळे परक्यांचे.

"आलोच," म्हणत ते जिन्याच्या कोपऱ्यात गेले आणि फोन लावला. चौथी खेप. फोन वाजला, वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. फोन वाजतोय म्हणजे फोन शाबूत आहे, त्याहून जास्त त्यांना काही कळत नव्हतं.

उताराच्या बाजूने रुग्णवाहिकेचा भोंगा आला आणि दूर गेला. शिवणयंत्र थांबलं.

"कधी येईल हो ठकी?"

"येईल," ते म्हणाले. "दहा मिनिटांत."

यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या बाईने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. एवढी वर्षं एकही थाप न पचवणाऱ्या बाईने!

"पुढे काय झालं शेळीचं?" मास्तरांनी विचारलं.

"कुठली शेळी?" चौकशीवाले म्हणाले.

तेवढ्यात फाटक वाजलं. हॉर्न नाही, नुसतं फाटक. ठकी पायी आली होती. केस कपाळाला चिकटलेले, उजव्या हातात किल्ली, डाव्या हाताची मूठ मिटलेली.

"गाडी कुठाय गं?" आईने खिडकीतून विचारलं.

ठकीने बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती मास्तरांकडे वळली.

"कुणाचा विश्वास बसणार नाही, मास्तर! काय चालली गाडी, लोणी नुसतं! इस्पितळाच्या फाटकात हॉर्न दिला, तर वॉचमनने सलामच ठोकला. मोठे डॉक्टर आले वाटलं त्याला! येताना पेट्रोल संपलं, म्हणून उतारावरच्या शाळेच्या भिंतीला लावून आले."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "शोभतेस खरी बापाची!"

"पेट्रोल बघून निघावं माणसाने," आई म्हणाली. यंत्राची टकटक चालूच होती.

चौकशीवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो घ्यायला ठकीने मूठ उघडली. तळहातावर आडवा लाल वळ होता, मध्ये कातडं सोललेलं. ग्लासातलं पाणी हिंदकळायला लागलं, तसा तिने झटकन हात बदलला आणि बापाला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा.

थाप मोठी सुबक होती. त्यात शेळी नव्हती, छत्री नव्हती, कुठे शिवण दिसत नव्हती. आजवर त्यांच्यासाठी कुणी थाप मारली नव्हती. फक्त हसायचं होतं.

"खोटं," चौकशीवाले म्हणाले.

मास्तर अजून हसत होते. "अहो, आता तुम्ही दुसऱ्याला खोटं म्हणायला लागलात?"

"टाकी भरलेली आहे. काल मीच भरून आणली." त्यांचा आवाज खिडकीतला नव्हता, खिडकीबाहेर तिष्ठणाऱ्याचा होता. "ब्रेक मी केलेच नव्हते."

आत शिवणयंत्राचं चाक फिरत होतं. बायकोने त्यावर हात ठेवला.