उरलेले तिघे

नर्सिंग कॉलेजात दामिनी मुलींकडून एकच गोष्ट घोकून घ्यायची: शोधनिबंध हातात आला की निष्कर्षावर उडी मारू नका, आधी माणसं मोजा. किती घेतली, किती शेवटपर्यंत राहिली, गळालेली कुठे गेली. शिकवायला काय जातं! आपल्याच बापाची वेळ आली तेव्हा तिनं निष्कर्षच तेवढा सांगितला.

तिच्या वडिलांची, देवाजींची, फुप्फुसं आक्रसत चालली होती. रिसाली वसाहतीतल्या घरात खाटेवरून न्हाणीपर्यंत जातानाही धाप लागायची. डॉक्टरांनी हात टेकले. मग धाकटा भाऊ आनंद कुठल्याशा लांबच्या दवाखान्याच्या नव्या इंजेक्शनांचा शोधनिबंध छापून घेऊन आला. "ताई, तू तो यही पढ़ाती है ना? सांग, बाबांले नेऊ का?" आईनं, मैनाबाईंनी, तर बॅगही भरायला काढली.

दामिनीनं तो तीनदा वाचला. बारा रोगी. तुलनेला दुसरा गट नाही. नऊ जणांना बरं वाटलं, तेही सहाच आठवडे. उरलेल्या तिघांबद्दल अवाक्षर नाही. वर्गात असता तर तिनं त्या मेल्या कागदाची चिरफाड केली असती. इथे तिनं तो मिटून हातात धरला. पलीकडच्या खोलीत आई स्वेटरच्या घड्या करत होती.

"चांगलं हाय, बाबा," ती म्हणाली. "जाऊन या."

"दे इकडं."

देवाजींना इंग्रजी येत नव्हतं. पण स्टील प्लांटच्या लॅबमध्ये तीस वर्षं त्यांनी पोलादाचे नमुने तपासले होते. तक्ता दिसला की बोट आपसूक आकड्यांवर जायचं. ते वरच्या बारावर थांबलं, मग खालच्या नऊवर.

"बारा घेतले अन् नऊचाच रिझल्ट. तिघं कुठं गेले?"

"लिहिलं नाही."

"मंग तू चांगलं कावून म्हणून राहिली?"

दामिनीला रडू कोसळलं. वाईट निघालेला नमुनाही वहीत लिहायचाच, हे तिला लहानपणी यांनीच तर सांगितलं होतं. देवाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसता श्वास गोळा करत राहिले.

"आईले सांगू नको," ते शेवटी म्हणाले. "नाही गेलो तर जलमभर तिच्या मनाले लागन. जातो मी."

"पण बाबा, काही उपयोग नाही त्याचा."

"माहीत हाय. अन् वापस नाही आलो, तर तू तेवढं लिहून ठेव, बेटा. चौथा म्हणून."